बेल-भंडारा उचलून पाकीट घेतलंय, आता काय करायचं?

शिलाईवाली

नाव-गाव सांगत नाही. महाराष्ट्राची हद्द आमच्या घरापासून गाडीवर दहा मिनिटं, एवढं पुरे. बुधवारी १० मे २०२३ ला कर्नाटक विधानसभेचं मतदान.

शनिवारी सांजच्याला मी गोठ्यात धार काढत होते. गल्लीतलीच दोन पोरं आली. एकाच्या हातात मतदारयादी, दुसऱ्यानं आमच्याच मांडणीवरचं ताट उचललं. ताटात बेलाची पानं, भंडारा आणि त्याखाली दुमडलेलं पाकीट. सासूबाई सोप्यात शेंगा फोडत बसलेल्या. "आज्जी, घरातली सगळी मतं आमालाच, उचला भंडारा," म्हणाले. सासूबाईंनी उचलला, कपाळाला लावला. मी हात धुऊन येईस्तोवर पोरं गाडी मारून गेली पण. उंबऱ्यावर भंडाऱ्याचा डाग पडलाय, तो अजून पुसला नाही मी.

पाकिटात साडेसात हजार.

मालक म्हणतात, सगळेच घेतायत, तू गप शिलाई कर. दीर बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत आहे, त्याचं म्हणणं पैसे खा आणि मत पाहिजे त्याला घाल. सासूबाईंचं वेगळंच. "देवाचं उचललंय. खोटं केलं तर लेकराबाळांवर येतंय." त्यात धाकटीला काल रात्रीपासून ताप, म्हणजे बघा आता. माझं मत आधीच ठरलंय. कुणाला ते विचारू नका, पाकीटवाल्यांना नाही एवढं खरं.

तर पैसे घेतले म्हणून आपल्यावर पण केस होते काय? आणि मत कुणाला घातलं ते त्यांना खरंच कळतं काय? जाताना म्हणाले म्हणे, "मशीन उघडल्यावर सगळं दिसतंय आज्जी." परत द्यायचं झालं तर कसं द्यावं? त्यातल्या एकाच्या आईचे ब्लाऊज माझ्याकडंच शिवायला असतात, रोज तोंड बघायचं आहे.

जुना एजंट

ताई, खानापूरकडं दोन विधानसभांना मी बूथवर एजंट म्हणून बसलोय. पक्ष विचारू नका. तुमच्या मताच्या प्रश्नाचं मी सांगतो, कायद्याचं जाणकार सांगतील.

तुमचं मत कुणाला कळत नाही. बटण दाबलं की शेजारच्या यंत्रात काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि तुटून आत पडते. तिच्यावर तुमचं नाव नसतं. पण "मशीन उघडल्यावर दिसतंय" हे अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यावरच सगळा धंदा चालतो. मोजणी बूथगणिक होते. आम्ही जाळीच्या अलीकडं वही घेऊन बसतो, बूथ नंबर आणि कुणाला किती, लिहीत जायचं. पुढं फॉर्म २० मध्ये तेच आकडे सरकारीच छापून येतात. म्हणजे गल्लीचा कल कळतो, घराचा नाही.

आमच्या यादीवर तीन खुणा असायच्या. बरोबर, फुली आणि प्रश्नचिन्ह. वाटप प्रश्नचिन्हाला. आपल्याच माणसांना कशाला द्यायचं? (मग ते रुसायचे, तो ताप वेगळा.) एकदा एका बूथला १४० मतांचं वाटप झालं आणि मशीनमधून निघाली ९०. घरोघर जाऊन कुणी विचारलं नाही, विचारणार कुठल्या तोंडानं? धरलं ते वाटणाऱ्याला. "मधी तूच खाल्लास," म्हणून. त्याचा आणि पुढाऱ्याचा अजून बोलचाल नाही.

शिक्क्याच्या काळात वेगवेगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका मिसळून मोजता यायच्या. मशीनसाठी 'टोटलायझर' आहे, १४ मशीनची बेरीज एकदम करतो. निवडणूक आयोगानं २००८ सालीच सुचवलाय, अजून आलेला नाही. आला तर "मशीन उघडल्यावर दिसतंय" म्हणायची सोय राहणार नाही. आम्हा एजंट लोकांना तरी त्याची घाई कधी नव्हती, खोटं कशाला बोलू.

निपाणीचा तंबाखूवाला

वहिनी, परत कशाला देताय? त्यांनी काय शेतात राबून आणलेत?

माझं ऐका. गेल्या महिन्यात तंबाखूचे ६२ हजार घेऊन येत होतो, नाक्यावर अडवलं. ५० हजारांच्या वर कागद दाखवा. पावती घरात. पैसे सुटायला चार दिवस हेलपाटे. आणि कुकर? ते आचारसंहिता लागायच्या आधीच हळदीकुंकवातनं घरोघर पोचलेले. २९ मार्चला आचारसंहिता लागली तेव्हा आमच्या गल्लीत कुकरला शिट्ट्या होत होत्या. रस्सामंडळाचं, म्हणजे मटणाच्या जेवणावळींचं, तर बोलूच नका, शेतात चुली महिनाभर थंड नाहीत. यंदा जानेवारीत एका माजी मंत्र्यानं भर सभेत सांगून टाकलं, समोरचे तीन हजाराचं देतायत, आम्ही सहा हजार देऊ. भाव फोडला की उघड.

गंमत म्हणून हिशेब करा. विधानसभेला एका उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख. तुमच्यासारखी साडेसात हजारांची ५३३ घरं झाली की संपली. झेंडा नाही, जीप नाही, चहा पण नाही. एवढी घरं एका मोठ्या गावात निघतात.

पेन्शनर गुरुजी

शिलाईवाल्या ताई, मी शिक्षक होतो, मतदान अधिकारी म्हणून बऱ्याच निवडणुका केल्या. निपाणीकरांचं मनावर घेऊ नका. मतासाठी पैसे दिले-घेतले तर कायद्यानं देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार. एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. घ्यायचं कबूल केलं तरी घेतल्यासारखंच धरतात. तक्रारीला १९५० नंबर आहे. 'सी-व्हिजिल' ॲप आहे, नाव न सांगता चालतं, १०० मिनिटांत कारवाई सांगतात. पण त्यात फोटो जागेवरच काढावा लागतो, साठवलेला चालत नाही. शनिवारचं ताट आता कुठून आणणार?

काहीच होत नाही असंही नाही. २०१८ ला बेंगळूरच्या राजराजेश्वरीनगरात एका फ्लॅटमध्ये हजारोंनी मतदार ओळखपत्रं सापडली, तिथलं मतदान आयोगानं पुढं ढकललं. २०१९ ला वेल्लोरची लोकसभा निवडणूक पैशापायीच रद्द झाली होती.

एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९६ च्या लोकसभेला बेळगावात ४५६ उमेदवार होते. सीमाप्रश्न दिल्लीला दिसावा म्हणून माणसांनी पाचशे-पाचशे अनामत भरून अर्ज घातलेले. शिलाई करणारे, हमाल, शेतकरी. पाचशे म्हणजे तेव्हा काय होतं ते तुमच्या सासूबाईंना विचारा. त्यानंतर अनामत दहा हजार झाली. त्यावेळी मतासाठी आम्ही खिशातले घालत होतो, हे आजच्या पोरांना सांगितलं तर हसतात.

असो. तुम्ही लिहिलंय साडेसात हजार. दर काय पडला? घरात मतं किती?

शिलाईवाली

गुरुजी, तुम्ही विचारल्यावर मोजलं. पंधराशेनं पाच मतं होतात. आम्ही चौघंच. सासूबाई, मालक, दीर, मी.

पाचवं मत मामंजींचं. ते २०२१ च्या मे मध्ये कोरोनात गेले. यादीत नाव तसंच आहे, फोटोसकट.

हे सासूबाईंना सांगितलं. शेंगांचं सूप बाजूला ठेवलं त्यांनी. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे ह्यांचं मत कोण घालणार होतं?" मालकांना उत्तर सुचेना. दीर मोबाईल बघत बसला.

सोमवारी सकाळी त्यांनी तेच ताट काढलं, वाळलेली पानं त्यातच, वर पाकीट. मी येते म्हटलं तर नको म्हणाल्या. त्या पोराच्या घरी जाऊन आईच्या हातात ताट दिलं. "मी भंडारा जित्यांचा उचलला होता. मेलेल्या माणसाची शपथ मी कशी घालू? तुज्या पोरानं आधी सांगाय पायजे होतं." एवढंच. ताट रिकामं करून घेऊन आल्या आणि घासायला टाकलं.

त्या बाईचा ब्लाऊज तयार होऊन टांगलाय, अजून न्यायला आली नाही. धाकटीचा ताप उतरला, तो गोळीनं उतरला असं मी म्हणते, सासूबाई काही बोलत नाहीत.

गुरुजी, मामंजींचं नाव आता काढता येतं काय? आणि बुधवारी कुणी त्यांच्या नावावर आलाच तर?

पेन्शनर गुरुजी

नाव काढायला फॉर्म ७, पण या मतदानाला आता उशीर झाला. निवडणूक झाली की मृत्यूचा दाखला जोडून भरा. बुधवारी ओळखीच्या एजंटाला आधी सांगून ठेवा. कुणी त्या नावावर आला तर एजंटाला केंद्राध्यक्षाकडं दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो.

शिलाईवाली

सासूबाई म्हणतायत दोन रुपये आम्ही देतो. कुणाकडं द्यायचे तेवढं सांगा.