फ्रीफॉलच्या चित्रणासाठी स्वस्त, छोटा कॅमकॉर्डर: कोणता घ्यावा?

भरारी_८५
नमस्कार मंडळी. ॲरिझोनात एलॉयला विमानातून पॅराशूटच्या उड्या (स्कायडायव्हिंग) मारतो. १७० उड्या झाल्यात, बी परवाना आहे. दोघा-तिघांच्या बेली उड्यांचे (पोट जमिनीकडे ठेवून पडण्याच्या) फ्रीफॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी पडताना, चित्रण करायचे आहे, म्हणजे हवेत कोण कुठे घसरला, कोणाचे पाय वाकले ते खाली आल्यावर बघता येईल. पुढेमागे टँडमचेही (प्रशिक्षकाला बांधून मारलेल्या उडीचे) करायचा विचार आहे. बजेट ३५० डॉलर, सगळे धरून. विमान १३,००० फुटांवर सोडते.

तीन पर्याय आहेत. एक, सोनीचा सीएक्स४०५ हँडीकॅम: ३० पट झूम, ऑप्टिकल स्टेबिलायझर, आणि हातात धरला की कॅमेरा वाटतो. दोन, ओळखीतल्या एकाचा जुना हार्डडिस्कवाला हँडीकॅम, जवळपास फुकटात. तीन, वापरलेला गोप्रो, हिरो ९ किंवा १०. गोप्रोमध्ये क्षितिज केळ्यासारखे वाकते, म्हणून मन होत नाहीये. कोणता घेऊ?

कॅनोपी_काका
फुकटातला आधी बाद करा. हार्डडिस्कमध्ये वाचणारे हेड फिरत्या तबकडीला टेकत नाही, हवेच्या अगदी पातळ थरावर तरंगते. हवा विरळ झाली की तो थर पातळ होतो आणि हेड तबकडीवर घासू शकते. म्हणून साध्या हार्डडिस्कना साधारण ३,००० मीटरची, म्हणजे १०,००० फुटांची मर्यादा दिलेली असते. तुम्ही दारात उभे राहाल तेव्हा ती केव्हाच ओलांडलेली असेल. एखादी उडी निभावेल, दहाही निभावतील, पण भरवसा नाही.

आता सीएक्स४०५. दुकानात त्याच्या ज्या गोष्टींचे कौतुक होते, त्या वर गेल्यावर निरुपयोगी किंवा अडचणीच्या ठरतात. झूमचेच बघा. फ्रीफॉलमध्ये समोरचा माणूस तुमच्यापासून दोन-तीन मीटरवर असतो. या कॅमेऱ्याची लेन्स सर्वात रुंद केली तरी २६.८ मिमीची (३५ मिमीच्या हिशेबाने), म्हणजे आडवा कोन सुमारे ६८ अंश. दोन मीटरवर चौकटीत जेमतेम पावणेतीन मीटर रुंदी मावते. हातपाय पसरलेला एक माणूस बसतो, दुसरा कडेला कापला जातो, आणि तुमची मान जरा वळली की पहिलाही गेला. त्यावर ०.५ पटीची वाइड लेन्स लावली तर रुंदी पाच मीटरच्या वर जाते, पण लेन्सचे वजन पुढे लोंबते आणि ती बसवायची कशी हा वेगळा खटाटोप. एवढे करून ज्या कोनाला पोचाल, तो गोप्रोसारख्या ॲक्शन कॅमेऱ्यात जन्मजात असतो.

स्टेबिलायझरचेही तसेच. ऑप्टिकल प्रकारात काचेचा एक भाग चुंबकांच्या जोरावर अधांतरी हलत असतो. तो हाताच्या थरथरीसाठी बनवलेला आहे, ताशी १९० किमीच्या वाऱ्यात फडफडणाऱ्या हेल्मेटसाठी नाही. वाऱ्याची कंपने त्याला झेपली नाहीत की चित्र जेलीसारखे थुलथुलते, आणि ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट होत नाही. इलेक्ट्रॉनिक प्रकारात हलणारा भाग नसतो. जायरोच्या (हालचाल मोजणाऱ्या सेन्सरच्या) नोंदीवरून चित्र कापून सरळ केले जाते. कडेचे थोडे चित्र जाते, पण कोन मुळातच रुंद असल्याने परवडते.

वापरलेला हिरो १० चांगल्या अवस्थेत मिळाला तर तो घ्या.

टेप_ते_चिप
काकांशी सहमत. हार्डडिस्कबद्दल एक भर घालतो, कारण ही गंमत फार जणांना माहीत नसते. सोनीच्या बऱ्याच हार्डडिस्क हँडीकॅममध्ये 'ड्रॉप सेन्सर' असे. कॅमेरा हातातून निसटला असे वाटले की तो तबकडी वाचवायला रेकॉर्डिंग थांबवतो. विमानातून बाहेर पडताना पहिले काही क्षण तुम्ही खरोखरच निसटलेले असता! म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या क्षणी कॅमेरा स्वतःला वाचवायला बसतो. मेनूत तो बंद करता येतो, पण उंचीचा प्रश्न उरतोच.

छोट्या हँडीकॅमची दुसरी कटकट बाजूच्या स्क्रीनची. मिटली की रेकॉर्डिंग थांबते असे बरेच मॉडेल आहेत. उघडी ठेवली तर वारा बिजागरीवर जोर लावतो. काहींमध्ये स्क्रीन उलटी फिरवून बाहेर तोंड करून मिटता येते. तेवढा एक मार्ग, तोही आधी घरी तपासून.

केळ्यासारख्या क्षितिजावर उपाय कॅमेऱ्यातच आहे: लेन्स 'लिनिअर' करा. कोन थोडा कमी होतो, पण दोघा-तिघांच्या उडीला पुरतो. चौघांच्या वर गेलात की 'वाइड' करा आणि वाकडेपणा सोसा. क्षितिज आपोआप सरळ ठेवणारी सोय मात्र बंद ठेवा. तिला तिरकेपणाची मर्यादा असते, ती ओलांडली की चित्राला झटका बसतो. दारातून बाहेर पडताना हटकून होते.

भरारी_८५
पटले, झूमचा नाद सोडला. आता दोन शंका. माझे हेल्मेट साधे फुल फेस, म्हणजे पूर्ण चेहरा झाकणारे आहे, त्यावर चिकटवायचा माउंट लावला तर चालेल का? आणि ड्रॉपझोनवर (उड्यांच्या मैदानावर) २०० उड्यांच्या आत कॅमेरा नको म्हणतात. कॅमेरा तर दीडशे ग्रॅमचा, एवढे काय त्यात?

दोरी_आणि_गाठ
दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण पहिलीचे उत्तर तिच्यातच आहे.

अमेरिकेतल्या यूएसपीएची, म्हणजे पॅराशूट संघटनेची, शिफारस किमान २०० उड्या आणि बीच्या पुढचा सी परवाना अशी आहे. कारण वजन नाही, लक्ष आहे. कॅमेरा लावला की माणूस समोरच्याला चौकटीत ठेवण्याच्या मागे लागतो. उंचीमापकाकडे बघायचे राहते, पॅराशूट उघडण्याआधी एकमेकांपासून वेगळे व्हायची उंची निघून जाते, आणि 'अजून एक सेकंद' करत पॅराशूट उशिरा उघडले जाते. तुमच्या अजून ३० उड्या बाकी आहेत. तेवढ्यात हेल्मेटचे काम उरकून घ्या. आणि २०० झाल्यावरही पहिल्या काही उड्यांत काहीही चित्रित करायचे ठरवू नका. कॅमेरा चालू, डोक्यात नेहमीची उडी, बस्स.

वजनाचे गणित मात्र चुकते आहे. पॅराशूट उघडताना शरीराला झटका बसतो. जोराच्या उघडण्यात तो दहा पटीपर्यंत गेला तर दीडशे ग्रॅम मानेला दीड किलो होतात. हँडीकॅम, वाइड लेन्स आणि पेटी मिळून सहाशे ग्रॅम झाले तर सहा किलो, आणि तेही एका बाजूला लावले असेल तर मान पिरगळत.

खरी भीती दोऱ्यांची. पॅराशूट उघडताना शरीर जरा तिरके असले की दोऱ्या डोक्याजवळून सटकतात. त्यांतली एक कॅमेऱ्याच्या खाली, माउंटच्या स्क्रूला किंवा मधल्या फटीत अडकली, तर वर पूर्ण न उघडलेले पॅराशूट आणि खाली तुमची मान अशी अवस्था. म्हणून कॅमेऱ्याच्या हेल्मेटला कटअवे लागतो: हनुवटीजवळची दोरी किंवा मूठ ओढली की हेल्मेट सुटून जाते. तुमच्या फुल फेसला तो नसेल तर त्यावर कॅमेरा लावू नका. काही हेल्मेटना कटअवे नंतर बसवता येतो, रिगरला (पॅराशूटची सामग्री तपासणाऱ्या तंत्रज्ञाला) दाखवा. कॅमेऱ्यासाठीचे नवे चांगले हेल्मेट एकटेच तुमचे बजेट खाईल, तेव्हा तेही वापरलेलेच शोधा. पैसे कमी पडले तर कॅमेरा एक पिढी जुना घ्या, हेल्मेटवर काटछाट नको. कटअवेची मूठ हातमोजे घालून, डोळे मिटून सापडली पाहिजे. जमिनीवर पूर्ण रिग (पॅराशूटची पाठपिशवी) चढवून दहा-वीस वेळा ओढून बघा.

चिकटवायच्या माउंटबद्दल. गोप्रोचा नेहमीचा दोन बोटे आणि लांब स्क्रूवाला सांधा म्हणजे दोरी अडकवायची खुंटीच. लांब स्क्रू टाळा, डोके सपाट असलेला आखूड बोल्ट वापरा आणि कॅमेरा हेल्मेटला जितका चिकटून बसेल तितका बसवा. तळ हेल्मेटच्या वळणाशी जुळणारा घ्या, सपाट तळ गोल पृष्ठभागावर कडेने उचलतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, दाबून चिकटवायचे आणि २४ तास हात लावायचा नाही. एलॉयच्या उन्हाळ्यात बंद गाडीत ते हेल्मेट ठेवलेत तर चिकट थर मऊ पडतो, म्हणून दर उडीआधी अंगठ्याने कडा उचलून बघा. १३,००० फुटांवरून सुटलेला कॅमेरा खाली कोणाच्या डोक्यात जाईल ते सांगता येत नाही.

शेवटची तपासणी सोपी आहे. दीड-दोन मिलीमीटर जाडीची गुळगुळीत नायलॉन दोरी घ्या. दोन्ही टोके धरून ती हेल्मेटवरून मागून पुढे, पुढून मागे, दोन्ही बाजूंनी ओढा. जिथे अडते तिथे फोमचा तुकडा कापून भरा, वरून गॅफर टेप लावा, पुन्हा ओढा. दोरी कुठेच अडत नाही तोवर हे चालू ठेवा. दिसायला हेल्मेट पंक्चर काढलेल्या टायरसारखे दिसेल, दिसू द्या.

टेप_ते_चिप
चालवण्याबद्दल थोडे, मग थांबतो.

२.७के, सेकंदाला ६० फ्रेम पुरे. ४के घेतले तर बॅटरी आणि उष्णता दोन्ही वाढतात, आणि पाय कुठे वाकला ते बघायला त्याची गरज नाही. सेकंदाला ६० मेगाबिटच्या हिशेबाने मिनिटाला ४५० एमबी. मिनिटभर फ्रीफॉल आणि सहा मिनिटे पॅराशूट धरले तर उडीमागे तीन जीबीच्या वर. व्ही३० दर्जाचे (लिहिण्याचा वेग पुरेसा असलेले) ६४ जीबी कार्ड दिवसभर आरामात चालते.

एका बटणात चालू होऊन थेट रेकॉर्डिंग सुरू होण्याची सोय लावून ठेवा. विमानात चढताच चालू करू नका. वर जायला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि बंद केबिनमध्ये वाऱ्याशिवाय हे छोटे कॅमेरे तापून बंद पडतात. दार उघडायच्या दोन मिनिटे आधी दाबा. इंजिनाच्या आवाजात बीप ऐकू येत नाही, म्हणून समोरच्याला लाल दिवा दाखवा आणि त्याने अंगठा वर करून खूण केली की खात्री धरा. सगळ्यात जास्त उड्या वाया जातात त्या बटण दोनदा दाबल्याने. तुम्हाला वाटते सुरू झाला, तो बंद झालेला असतो.

वर तापमान जमिनीपेक्षा पंचवीस अंशांनी तरी उतरते. हिवाळ्यात बॅटरी त्यामुळे लवकर मान टाकते, तेव्हा एक जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. ॲरिझोना कोरडे आहे म्हणून निभावते. फ्लोरिडासारख्या दमट ठिकाणी गेलात तर पॅराशूटखाली लेन्सवर धुके चढेल, एसी गाडीतून कोकणात उतरल्यावर चष्म्यावर चढते तसेच. लेन्सच्या आतून चढले तर पुसता येत नाही, त्यासाठी बॅटरीच्या कप्प्यात ओल शोषणारी पातळ पट्टी ठेवतात.

कोन जुळवायला हेल्मेट घालून भिंतीसमोर दोन मीटरवर उभे राहा. डोळ्यांच्या उंचीला टेपची फुली मारा, मान नेहमीसारखी ठेवून फुलीकडे बघा आणि फोनवरच्या प्रिव्ह्यूमध्ये ती मध्यावर येईपर्यंत कॅमेरा वाकवा. मग बोल्ट आवळा आणि त्यावर मार्करने खूण करा, म्हणजे सैल पडला की लगेच कळेल.

भरारी_८५
धन्यवाद सगळ्यांना. शनिवारी हेल्मेट रिगरकडे नेतो, कटअवे बसतो का बघतो. हँडीकॅमचा बेत रद्द.