मदत हवी आहे: सावर वॉटरच्या टाकीचा ब्रीदर सारखा उघडतोय

टाकीवाला: सावर वॉटरची (रिफायनरीतलं हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया विरघळलेलं पाणी) कोन रूफ (शंकूसारखं छप्पर असलेली) टाकी, नायट्रोजन ब्लँकेट (हवा आत येऊ नये म्हणून पाण्यावर भरलेला नायट्रोजन) आहे. ब्रीदर (टाकीचा दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह) दिवसातून चार-पाच वेळा उघडतो, खालचा हायड्रोजन सल्फाइडचा डिटेक्टर 10 पीपीएमला वाजतो. मोठा ब्रीदर बसवू का? आजच ऑर्डर काढायची आहे.

शिफ्टमास्तर: मोठ्या ब्रीदरमधून तोच वायू जास्त बाहेर पडेल! पाणी कुठून येतं? आधी फ्लॅश ड्रम (दाब उतरवून पाण्यातला गॅस वेगळा काढणारं भांडं) आहे का? नायट्रोजन आणि ब्रीदर किती मिमी वॉटर कॉलमला (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) सेट आहेत?

कोळसेवाला: व्हेंटवर अॅक्टिव्हेटेड कार्बनचा ड्रम लावा, वास बंद.

गंधक: कार्बन नको. अमोनिया फारसा धरत नाही, हायड्रोकार्बनने लवकर भरतो आणि तापून पेटूही शकतो. कॉस्टिक स्क्रबर (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने वायू धुणारं उपकरण) लावा.

कोळसेवाला: कॉस्टिक तरी अमोनिया कुठे धरतं? त्यासाठी वेगळा पाण्याचा वॉश लागेलच.

गंधक: लागेल, मान्य. पण वॉशचं पाणी पुन्हा स्ट्रिपरलाच (सावर वॉटरमधले वायू काढणारा टॉवर) जाईल, वेगळी विल्हेवाट नको.

डिझेलथर: पाण्यावर डिझेलचा थर ठेवा. इनलेट थराच्या खाली हवा, नाहीतर थर घुसळून निघतो.

शिफ्टमास्तर: थराने पाण्यातला वायू हळू सुटेल, पण पाण्यासोबत मोकळा गॅसच आला तर थर काय करणार? टाकीवाले, आकडे द्या.

टाकीवाला: पाणी हायड्रोट्रीटरच्या (हायड्रोजनने तेलातलं गंधक काढणारं युनिट) हाय प्रेशर सेपरेटरमधून (दाबाखाली गॅस, तेल आणि पाणी वेगळं करणारं भांडं) थेट येतं, फ्लॅश ड्रम नाही. नायट्रोजन 90 मिमी वॉटर कॉलमला सेट, इन्सिनरेटरची लाइन (टाकीतला वायू जाळायला नेणारी) 75 ला उघडते, ब्रीदर 100 ला.

शिफ्टमास्तर: मग नायट्रोजन सतत वाहतोय आणि टाकी कायम ब्रीदरच्या काठावर! ब्रीदरची सीट सेटच्या 75 टक्क्यांनंतर झिरपू लागते. नायट्रोजन 25 ला आणा, इन्सिनरेटरची लाइन 60 ला. ती लाइन थंड असेल तर अमोनियम बायसल्फाइडच्या स्फटिकांनी तुंबते. स्टीम ट्रेसिंग (लाइन वाफेने गरम ठेवणारी नळी) आणि फ्लेम अरेस्टर (आग लाइनमधून टाकीत येऊ न देणारा) आधी तपासा. ब्रीदर उघडतो तेव्हा सेपरेटरची पातळी किती असते?

सुरक्षा: टाकी साफ करायला उघडाल तेव्हा आतला आयर्न सल्फाइड ओला ठेवा, वाळला की हवेत आपोआप पेटतो. आणि हायड्रोजन सल्फाइडच्या वासावर विसंबू नका, 100 पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं.

टाकीवाला: टाकी उघडायची नाहीये. ट्रेंड पाहिला, दरवेळी आधी पातळी शून्याजवळ जाते.

शिफ्टमास्तर: हाच गॅस ब्लो-बाय, म्हणजे सेपरेटरमधलं पाणी संपून गॅसच थेट टाकीत शिरतो. लो-लेव्हल ट्रिप (पातळी फार उतरली की पाण्याची वाट बंद करणारी यंत्रणा) चालतो का आणि लेव्हल व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो का, हे आजच तपासा. ब्रीदरची ऑर्डर थांबवा, फ्लॅश ड्रमचं काम काढा.