आंबोलीत पावसाळ्यात रात्रीच्या बेडूक-सहली बंद कराव्यात का?

घाटपाऊस : गेल्या जुलैत आंबोलीला गेलो होतो. आम्ही बाराजण एका झुडपाभोवती कोंडाळं करून उभे. पानावर जेमतेम दीड इंचाचा आंबोली झुडपी बेडूक गळा फुगवून ओरडत होता. सगळ्यांच्या बॅटऱ्या त्याच्यावर पडल्या आणि तो गप्प झाला. खाली पाहिलं तर आमच्या बुटांनी पाचोळ्याचा चिखल केला होता. या बेडकाची अंडी डबक्यात नसतात, ओल्या जमिनीवर असतात. टॅडपोलची, म्हणजे पाण्यात पोहणाऱ्या शेपटीवाल्या पिल्लाची पायरीच नाही, अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. २००९ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं, तेही आंबोलीवरून, आणि आपण तिथेच त्याची पिढी तुडवतोय. जून ते सप्टेंबर या सहली बंदच हव्यात.

सड्यावरचा : दादा, मी इथलाच. चार महिन्यांच्या या सहलींवर आमच्या पोरांचं वर्ष निघतं. हीच पोरं आज रान राखतात. उद्या हे थांबलं तर जमिनी प्लॉटवाल्यांच्या घशात जातील, मग बेडूक कुठे शोधाल? आणि पायाखालचं म्हणाल तर धबधब्याला येणाऱ्या गाड्यांखाली रात्री किती बेडूक मरतात ते बघायला या. त्यावर कोणी धागा काढत नाही.

कारवी : सड्यावरचा, गाड्यांचं अगदी खरं. पण "प्लॉट की सहल" एवढेच दोन पर्याय का? मी राहिले होते त्या घरचे लोक घरामागचा पाचोळा रोज सकाळी खराट्याने लोटून जाळायचे, पाहुण्यांना जळवा लागू नयेत म्हणून. बेडकाचं घर तिथेच संपतं. शिवाय एका रानातला चिखल बुटांना लागून दुसऱ्या रानात जातो. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही सापडली आहे. बूट धुऊन घ्यायला कोणी सांगतं का?

सड्यावरचा : ताई, बुटांचं मान्य. आमच्या गटात यंदापासून सुरू करतो. पाचोळ्याचंही घरोघरी बोलेन. बंदीला मात्र माझा विरोधच.

घाटपाऊस : मग निदान पायवाट सोडायची नाही आणि एका गटात सहाच माणसं, एवढं तरी कराल? बेडूक रस्त्याकडेच्या झुडपावरही ओरडतो. तिथूनच ऐकवा. फोटो नाही मिळाला तरी चालेल.

सड्यावरचा : सहा माणसांत खर्च सुटत नाही, दादा. आठ करा.