मदत हवी आहे: जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपला फ्लेक्सिबल पाइप जोडल्यावर गळती
बेसिनखाली भिंतीतून जुना अर्धा इंची जीआय पाइप बाहेर आलाय. त्याच्या आट्यांवर थेट फ्लेक्सिबल कनेक्शन पाइप बसवला, तर नटातून थेंब थेंब गळतंय. टेफ्लॉन टेप तीनदा गुंडाळून झाली, तिसऱ्यांदा अख्खं रीळ संपवलं! मग कळलं, इथे पाणी अडवतो तो नटातला रबरी वॉशर, आटे नव्हेत. पाइपचं तोंड खडबडीत, वॉशर सपाट टेकतच नाही.

आता सॉकेट (आतून आटे असलेला जोड) लावून त्यात अँगल कॉक (काटकोनी छोटा नळ) बसवावा की नुसतं पितळी निपल (दोन्ही टोकांना बाहेरून आटे असलेला छोटा तुकडा) पुरेल? कॉक असला तर पुढे तिथल्या तिथे पाणी बंद करता येईल, म्हणून माझं मन तिकडेच. पण गंजलेल्या पाइपवर पाना फिरवताना तो भिंतीतच मोडला तर? मागून दुसऱ्या पान्याने धरलं तर भागेल का? कुणी केलं असेल तर सांगा. तूर्तास खाली बादली आहे.