शेजारच्या आजींचा जुना लुडविग ड्रमसेट: अस्सल आहे का, आणि किंमत काय सांगावी?

मृदुला_शॉमबर्ग:
नमस्कार मंडळी. आम्ही शिकागोजवळ राहतो. शेजारच्या अमेरिकन आजी घर विकून मुलीकडे राहायला चालल्या आहेत. त्यांचे यजमान लग्नसमारंभांत ड्रम वाजवायचे, ते आता नाहीत. तळघरात त्यांचा लुडविग या अमेरिकन कंपनीचा सेट आहे: २२ इंची बास ड्रम, १३ चा टॉम, १६ चा फ्लोअर टॉम आणि धातूचा स्नेअर. रंग हिरवट, त्यावर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी नक्षी.

जुन्या वस्तू घेणारा एक दुकानदार येऊन पाहून गेला. म्हणाला, "प्रत्येक ड्रमवरचा नंबर वेगळा आहे, म्हणजे सेट इकडून तिकडून जमवलेला. हा हिरवा रंगही लुडविगचा नाही. ४०० डॉलर देतो." आमचे हे तबला वाजवतात, म्हणून आजींनी आम्हाला विचारलं. पण ड्रममधलं आम्हाला काहीच कळत नाही. आजींची फसवणूक होऊ नये एवढंच वाटतं. आमचा मुलगा म्हणतोय, आधी घासूनपुसून चकचकीत करू, नवीन हेड (ड्रमवरचा ताणलेला पडदा) लावू, मग भाव चांगला येईल. तसं करावं का?

सुनील_ठेका:
किंमत बघायची तर जुनी वाद्यं विकणाऱ्या 'रिव्हर्ब' या साइटवर बघा, पण लोकांनी मागितलेले आकडे नव्हे, प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या सेटचे. दोन्हींत खूप फरक असतो. बाकी परळकर काका सांगतीलच.

परळकर:
मृदुलाताई, आधी मुलाला थांबवा. घासणं नको, जुनी हेड फेकणं नको, गंजलेला स्क्रूसुद्धा बदलू नका. मुंबईत ऑर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हापासून जुने ड्रम हाताळतोय, आता इथे दुरुस्तीही करतो. जुन्या सेटला भाव येतो तो त्याला कुणी हात लावलेला नसतो म्हणून. शेलच्या (ड्रमच्या पोकळ खोळीच्या) कडा नव्याने कापल्या, रॅप (त्यावरचं रंगीत आवरण) बदलला, भोकं पाडली की ते परत आणता येत नाही.

आता नंबरांचं. नंबर वेगळे असणं ही लुडविगची नेहमीचीच गोष्ट आहे. शिकागोच्या डेमन ॲव्हेन्यूवरच्या कारखान्यात १९६३ च्या अखेरीपासून बॅजवर (ड्रमवर ठोकलेल्या कंपनीच्या पट्टीवर) नंबर येऊ लागले, पण बॅज खोक्यातून हाताला लागेल तसे उचलून ठोकले जायचे. त्यामुळे एकाच दिवशी विकलेल्या सेटमध्येही नंबर जुळत नाहीत, आणि नंबरावरून वर्षही अंदाजानेच निघतं. रोज जुने ड्रम विकणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं. म्हणून त्याचं बोलणं वाचून मला राग आला.

तारीख शेलच्या आत शोधा. एका बाजूचं हेड काढा (ते ताणून धरणारे रॉड समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करत) आणि टॉर्च मारा. त्या काळात आत शाईने तारखेचा शिक्का मारत, बऱ्याचदा लाल. लाकडी ड्रमच्या तारखा जवळपासच्या निघाल्या तर सेट मुळातलाच आहे, असं मी मानतो. आतला रंगही पाहा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पांढरा, मग दशकाच्या मध्यात राखाडी ठिपक्यांचा, आणि शेवटाकडे नुसतं पारदर्शक पॉलिश. शिक्का आणि रंग एकच काळ सांगत असले पाहिजेत.

आणि हिरवा रंग! तुमचं वर्णन वाचून मी खुर्चीतून उठलोच. लुडविगचा 'ऑयस्टर ब्लू' म्हणून निळा रॅप होता. त्याच्या वरचा पारदर्शक थर वर्षानुवर्षं पिवळा पडतो, आणि निळ्यावर पिवळं चढलं की हिरवट दिसतं. फ्लोअर टॉमच्या पायाचा एक ब्रॅकेट सैल करून खाली डोकावा. तिथे स्वच्छ निळा दिसला, आणि त्याची कड ब्रॅकेटच्या आकाराशी तंतोतंत जुळली, तर रॅपही मूळचा आणि ब्रॅकेटही पहिल्यापासून त्याच जागी. याहून पक्की खूण मला माहीत नाही. रॅपचा जोडही बघा. त्या वर्षांत लुडविग रॅपचं टोक शेलच्याच सांध्यात घालत असे. वरून एकावर एक चिकटवलेला जोड दिसला तर नंतर कुणीतरी रॅप बदललाय.

बास ड्रमवर जास्तीची भोकं आहेत का ते नक्की बघा. पुढे लोकांनी बासवर टॉम अडकवायचे जड होल्डर बसवले आणि सरळ ड्रिल मारलं. भाव सगळ्यात जास्त पडतो तो याने. बॅजला मात्र हात लावू नका. तो मधल्या रिंगने ठोकलेला असतो, आणि रिंग एकदा निघाली की घेणाऱ्याच्या मनात शंका येते.

मृदुला_शॉमबर्ग:
काका, सगळं पाहिलं. टॉममध्ये लाल शिक्का, १६ मार्च १९६६. फ्लोअर टॉममध्ये २२ मार्च, बासमध्ये ४ एप्रिल, वर्ष तेच. आत राखाडी ठिपके. ब्रॅकेटखाली चक्क आकाशासारखा निळा! आजी बघून रडल्या, म्हणाल्या की लग्न झालं तेव्हा तो असाच होता. रॅप सांध्यात गेलेला आहे. पण बासच्या वर दोन जास्तीची भोकं आहेत. स्नेअरच्या क्रोमला फोड आलेत, चुंबक चिकटत नाही. कपाटात जुन्या पेट्या आणि दुकानाचं बिलही सापडलं.

परळकर:
फारच छान. स्नेअर बहुतेक 'सुप्राफोनिक ४००' आहे. शेल ॲल्युमिनियमचं, म्हणून चुंबक चिकटत नाही. त्यावरचं क्रोम असं फुटतंच, त्याने नकली ठरत नाही. चारशे डॉलर तर जवळपास त्या एकट्या स्नेअरचेच होतात.

मात्र आजींना फार मोठी आशाही लावू नका. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकन टीव्हीवर आले, त्यांचा ड्रमर रिंगो याच्या बास ड्रमवर लुडविगचं नाव सगळ्या देशाने वाचलं, आणि त्यानंतर कारखान्याला मागणी पुरवता पुरवता दमछाक झाली. म्हणजे १९६६ चे सेट दुर्मीळ नाहीत. तुमच्या मापांचा 'सुपर क्लासिक' तर भरपूर खपला. इथे भाव मिळेल तो रंगाला, जुळणाऱ्या तारखांना आणि त्या बिलाला. भोकं नसती तर ३,००० मागा म्हणालो असतो. आता माझ्या मते २,००० च्या खाली उतरू नका.

भोकं बुजवू नका, जाहिरातीत त्यांचा फोटो द्या. शिक्क्यांचे, ब्रॅकेटखालच्या निळ्याचे आणि बिलाचेही द्या. बिलावरचं नाव-पत्ता तेवढा झाका. चारही ड्रम पेट्यांसकट एकत्रच विका. सुटे करून विकणाऱ्याला नफा होतो, पण एकदा विखुरलेला सेट परत जमत नाही. त्या दुकानदाराला आजींनी आजच नाही म्हणून कळवावं. शनिवारी मी येऊ शकतो, टॉमचं काढलेलं हेडही नीट बसवून देतो. चालेल का, ते व्यक्तिगत निरोपातून कळवा.