जुने गोवे, केतेवन राणी आणि मातीतला पुरावा: तुमचे अनुभव

कुंभारजुवेकर
काल फोंड्याहून येताना कदंब बस जुन्या गोव्याला अडकली. समोर सेंट ऑगस्टीन चर्चचा अर्धा उरलेला मनोरा. 2004 आठवलं.

जॉर्जियाच्या केतेवन राणीने धर्म सोडला नाही म्हणून शाह अब्बासच्या हुकमावरून 1624 मध्ये शिराझला तिला हाल हाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी अस्थी गुपचूप उकरून काढल्या, त्यातल्या काही इथल्या मठात आणल्या. पोर्तुगीज कागदांत जागासुद्धा लिहिलेली: खिडकीपाशी, दगडी पेटीत. पण छप्पर 1842 लाच कोसळलेलं, मग मनोराही पडला. खिडकी ओळखायला भिंत तर हवी! पुरातत्त्व खात्याने ढिगारा उपसून आधी मठाचा नकाशा जुळवला, तेव्हा कुठे 2004 ला हाड हाती लागलं. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासला.

एवढ्या जुन्या खुनाचा धागा जुळला, कारण त्या जागेवर मधल्या काळात कुणी पाया खणला नाही. आता आजूबाजूला चाललेली बांधकामं बघून जीव तुटतो. खोदकाम, फेस्त (चर्चची जत्रा), शेजारपाजार, जे आठवेल ते लिहा.

जांभा
बाबा होते त्या कामावर. संध्याकाळी भुवयांपर्यंत लाल होऊन यायचे, आई आंघोळीशिवाय पानावर बसू देत नसे. फावडं कमी, चाळणी जास्त. खिळा, कौलाचा तुकडा, निळ्या टाइलची कपची, सगळं वेगळं ठेवायचं. हाड कुणाचं ते त्यांना खूप नंतर पेपरातून कळलं.

शमा_पणजी
पणजीच्या चर्चची मोठी घंटा याच मनोऱ्यातली ना? घरी ऐकू येते. कुकर झाला, येते परत

दिवाडकर
राणीच्या हाडात यू1बी हा मातृवंश (आईकडून मुलांत उतरणारा डीएनए गट) निघाला. भारतातल्या नमुन्यांत नाही, जॉर्जियात आहे. पण तिथेच मिळालेल्या आणखी दोन अस्थी भारतीय वंशाच्या निघाल्या. ती माणसं कोण, कुणी विचारतच नाही. मला त्यांचं फार वाटतं.

जांभा
खरंय दादा 🙏

एला_वाडा
2021 च्या फेस्ताच्या दिवसांत आम्ही इथल्या बांधकामाविरुद्ध धरण्याला बसलो होतो. शेजारची आंटी पेजेचं पातेलं घेऊन यायची, सोबत खारातली तोरां (कैऱ्या). हिंदू-ख्रिश्चन सगळे एका सतरंजीवर. संरक्षित वास्तूपासून 100 मीटरपर्यंत बांधायला बंदी, पुढचे 200 मीटर परवानगी लागते. कायदा इतका स्वच्छ आहे, तरी दर वेळी आपणच रस्त्यावर का यायचं? आणि 1986 पासून जागतिक वारसा म्हणून मिरवतो!

मंगेश_फोंडा
तोरां म्हटल्यावर तोंडाला पाणी सुटलं. यंदा आमच्याकडे मोहरच गळला.

शमा_पणजी
आले. ब्रह्मपुरीचं गोमंतेश्वराचं देऊळ कुणी बघितलंय? तेही जुन्या गोव्यातच. चर्चवरून लोक परस्पर परत जातात.

एला_वाडा
ये गो एकदा, नेते तुला. दुपारी नको, ऊन फार.

सुलूमावशी
माझी भाची जॉर्जियात तिबिलिसीला मेडिकलला आहे. घरमालकिणीला कळलं पोर गोव्याची, तर तिने राणीचं नाव घेतलं, डोळे पुसले आणि जेवायलाच बसवलं. अस्थी 2017 ला तिकडे दर्शनाला गेल्या होत्या, 2021 ला भारताने एक भाग कायमचा दिला. बरं केलं. लेक माहेरी गेली.

मंगेश_फोंडा
मावशी, तिकडे फी किती पडते? मुलगा बारावीला आहे.

सुलूमावशी
रात्री भाचीला विचारून सांगते रे. थंडी खूप असते पण, आत्ताच सांगून ठेवते.