लाइट गेली की सगळ्या विंडो लॅपटॉपवर गोळा होतात: विकतचं सॉफ्टवेअर घेऊ का? आणि ट्रायल सुरू कधी करू?

निशिगंध_सांगली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही.

मी घरी बसून इंग्रजी-मराठी अनुवाद करते. लॅपटॉप सेकंडहँड, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, म्हणून १० वरच आहे. शेजारी २४ इंची मॉनिटर. मॉनिटरवर डावीकडे मूळ पीडीएफ, उजवीकडे वर्ड. लॅपटॉपच्या पडद्यावर अर्ध्या भागात परिभाषेची एक्सेल शीट आणि अर्ध्या भागात शब्दकोश उघडलेला ब्राउझर. ही मांडणी इतकी अंगवळणी पडली आहे की कुठला शब्द कुठे शोधायचा याचा विचारच करावा लागत नाही.

अडचण अशी, की लॅपटॉपला बॅटरी आहे, मॉनिटरला नाही. इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि दिवे आहेत. लाइट गेली की मॉनिटर बंद पडतो आणि चारही विंडो लॅपटॉपवर एकावर एक येऊन बसतात. लाइट आली तरी त्या परत जात नाहीत. मग एकेक ओढून जागेवर न्यायची, आकार ठीक करायचा. यात चार-पाच मिनिटं जातात. पावसाळ्यात दिवसातून तीन-चार वेळा हे होतं. वेळेपेक्षा जास्त वाईट याचं वाटतं, की मनात जुळत आलेलं वाक्य तेवढ्यात निसटून जातं.

म्हणून गणपतीच्या आधी एका विंडो मॅनेजरची, म्हणजे विंडो ठरल्या जागी लावून देणाऱ्या सॉफ्टवेअरची, ३० दिवसांची ट्रायल घेतली. नाव लिहीत नाही. पहिले चार दिवस सुंदर गेले. पुस्तकासाठी वेगळी, करारपत्रांसाठी वेगळी, प्रूफं बघायला वेगळी अशा सात मांडण्या मी हौसेने तयार केल्या. मग गौरी-गणपतीला नऊ दिवस माहेरी. परत आले तर वीस हजार शब्दांचं काम समोर, तेव्हा दोन आठवडे नवीन काही करून बघायला उसंत नव्हती. एकतिसाव्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडला आणि सातही मांडण्या बंद. काम पोचवायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळची होती. तीस दिवसांतले मी खऱ्या अर्थाने वापरलेले दिवस जेमतेम दहा-अकरा.

आता किमतीचं. समजा सॉफ्टवेअर ३० डॉलरचं आहे आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर २५५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी लागला की ३००९. कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क धरून ३१०० च्या घरात. माझ्या दराने हे एका पूर्ण दिवसाच्या अनुवादाचे पैसे आहेत. द्यायला हरकत नाही. कुणीतरी मेहनत करून ते बनवलंय आणि मलाही माझ्या कामाचे पैसे वेळेवर मिळावेत असं वाटतंच. पण दिले तर योग्य गोष्टीला दिलेले असावेत.

तर विचारायचंय ते हे: लाइट आल्यावर विंडो आपल्या जागी परत जाव्यात, एवढंच काम करणारं मोफत काही आहे का? नसेल तर पुढची ट्रायल कशी घ्यावी, म्हणजे मागच्यासारखी वाया जाणार नाही? आणि ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ असं लिहिलेलं असतं त्यात मी बसते का? मी घरीच काम करते, पण पैसे घेऊन.

मुलुंडकर_आयटी

ताई, आधी एक सांगा. मॉनिटर कुठल्या केबलने जोडलाय? सेकंडहँड लॅपटॉप म्हणताय, म्हणजे ऑफिसांतून निघालेला असेल. त्यांना मॉनिटर जोडायला बहुतेक वेळा मिनी डिस्प्लेपोर्ट नावाचं छोटं भोक असतं. डिस्प्लेपोर्टवर मॉनिटर बंद झाला की विंडोजच्या लेखी तो उपटलाच गेला, म्हणून सगळं सामान उरलेल्या पडद्यावर येतं. एचडीएमआयवर बऱ्याच मॉनिटरांच्या बाबतीत असं होत नाही. मॉनिटर अंधारात असला तरी जोडलेला आहे असंच विंडोज समजतं. लॅपटॉपला एचडीएमआय असेल तर दोनशे-अडीचशेची केबल लावून बघा. आमच्या ऑफिसात अशा निम्म्या तक्रारी मी केबल बदलूनच मिटवल्या आहेत.

दुसरं, मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज टाका, छोट्या छोट्या सोयींचा संच आहे तो. मोफत आहे, ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) आहे, ऑफिसच्या कामालाही चालतं, आणि विंडोज १० वर चालतं. त्यातलं फॅन्सीझोन्स २०१९ पासून आहे. विंडोज-की, शिफ्ट आणि एकच्या डावीकडची तिरक्या टिंबाची की दाबली की पडद्याचे भाग आखायला मिळतात. मग शिफ्ट धरून विंडो ओढली की ती त्या भागात चपखल बसते. सेटिंग्जमध्ये ‘नवी विंडो तिच्या शेवटच्या झोनमध्ये न्या’ अशा अर्थाचा पर्याय आहे, तो चालू करा. शिवाय २०२४ मध्ये वर्कस्पेसेस नावाची सोय आली. चारही प्रोग्रॅम हवे तिथे मांडून एकदा टिपून ठेवायचे, मग सकाळी एका क्लिकमध्ये सगळे उघडतात. तुमची सकाळची मांडामांड एवढ्याने संपेल. लाइटचं मात्र यातून शंभर टक्के सुटेल असं मी म्हणणार नाही.

पानगळ

मी मॅकवर आहे म्हणून थोडक्यात. ॲप स्टोअरवर विंडो मॅनेजर विकत घेताना ‘आधी वापरा, मग पैसे द्या’ अशी साधी सोय नसते. २०१८ पासून ॲपलने ॲपच्या आतून ट्रायल द्यायला परवानगी दिली, पण छोटी ॲप्स अजूनही सरळ आधी पैसे घेतात. मी मॅग्नेट तसंच घेतलं होतं. नंतर रेक्टँगल नावाचं तसंच ॲप मोफत मिळालं, आणि २०२४ च्या सेकोया या मॅकच्या आवृत्तीपासून मॅकमध्येच विंडो कडेला चिकटवायची सोय आली. मॅग्नेटने तोवर चार वर्षं रोज काम दिलं, त्यामुळे ते पैसे वाया गेले असं मला वाटत नाही.

अप्पा_कोथरूड

निशिगंध, तुझा तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो फार थोडे लोक विचारतात. पैसे घेऊन काम करतेस म्हणजे तो व्यावसायिक वापर, मग टेबल स्वयंपाकघरात का असेना. बऱ्याच कंपन्या घरगुती आणि व्यावसायिक असे दोन परवाने वेगवेगळ्या किमतींना विकतात. डाउनलोडच्या पानावर हे बारीक अक्षरात असतं, परवान्याच्या मजकुरात स्पष्ट असतं. तेवढा एक परिच्छेद वाचायचाच. एका परवान्यावर किती संगणक आणि पुढची मोठी आवृत्ती त्याच पैशांत मिळते का, हेही तिथेच सापडतं. ‘आजीवन’ या शब्दाचा अर्थ काही ठिकाणी ‘या आवृत्तीच्या आयुष्यापुरतं’ असा असतो.

मी स्वतः नऊ वर्षं विंडोजसाठी एक छोटं सॉफ्टवेअर लिहून विकलं, म्हणून विकणाऱ्याच्या बाजूचंही सांगतो. आधी वाटून द्यायचं आणि आवडलं तर पैसे मागायचे, ही रीत १९८२-८३ ची आहे. अँड्र्यू फ्लूगेलमनचं पीसी-टॉक, जिम नॉफचं पीसी-फाइल आणि बॉब वॉलेसचं पीसी-राइट, या तिघांपासून ती सुरू झाली. फ्लॉपी मित्राला द्या म्हणून तेच सांगायचे. मुदत नव्हती, कुलूप नव्हतं. मुदत नंतर आली, कारण कुलूप नसेल तर फार थोडे लोक पैसे पाठवतात. माझाही अनुभव तोच. मी पहिली दोन वर्षं नुसती विनंतीची पाटी दाखवली आणि वीजबिल निघेल एवढीही विक्री झाली नाही. तीस दिवसांची मुदत घातली त्या महिन्यापासून घर चालायला लागलं. लोक वाईट नसतात. थांबवलं नाही तर विसरतात.

पण मुदत मोजायची कशी, यात विकणाऱ्याचा स्वभाव दिसतो. तारखेवर मोजणं प्रोग्रॅमरला सोपं, म्हणून बहुतेक तसंच करतात. बियाँड कंपेअर नावाचं फाइली ताडून बघायचं एक सॉफ्टवेअर आहे. त्याची ट्रायल तीस दिवसांची, पण ज्या दिवशी ते उघडाल तोच दिवस मोजला जातो. दोन दिवसांआड वापरलं तर ती महिनेच्या महिने पुरते. मी माझ्या सॉफ्टवेअरमध्ये हे उशिरा आणलं. आणल्यावर विक्री घटली नाही आणि ‘मुदत वाढवून द्या’ अशी पत्रं यायची बंद झाली. तुझे गौरींचे नऊ दिवस असे वाचले असते.

आता तुझ्या कामाचं. पर्सिस्टंटविंडोज नावाचा एक मोफत, ओपन सोर्स प्रोग्रॅम गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आहे. तो नेमकं हेच करतो: पडद्यांची जोडणी बदलली की आधीच्या जोडणीत कोण कुठे होतं ते आठवून विंडो परत जागेवर नेतो. घड्याळाशेजारी त्याचं चिन्ह येतं. मांडणी डिस्कवर साठवायची आणि तिथून परत आणायची सोय त्याच्याच मेनूत आहे. दिसायला साधा आहे, पण हे एक काम मन लावून करतो.

त्याने भागलं नाही तर डिस्प्लेफ्यूजनची ट्रायल घे. विंडोच्या जागा प्रोफाइल म्हणून साठवायची सोय त्याच्या प्रो, म्हणजे विकतच्या, आवृत्तीत आहे. ट्रायल ३० दिवसांची, आणि मुदत संपली की ते पूर्ण बंद न होता मोफत आवृत्तीवर उतरतं. मला ही पद्धत जास्त सभ्य वाटते. फक्त प्रोमधली जी सोय हवी आहे ती मोफतमध्ये उरत नाही, हे आधी समजून घे.

आणि ट्रायल सुरू करायच्या आधी दोन गोष्टी. एक, इन्स्टॉल करशील त्याच दिवशी, नव्या मांडण्या करत बसण्याच्या आधी, भिंतीवरचं मॉनिटरचं बटण बंद करून दोन मिनिटांनी चालू कर. ज्यासाठी घेतोय ते पहिल्या तासात करून बघायचं. दुसरं, तुझा एखादा प्रोग्रॅम ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून’, म्हणजे संगणकावरच्या पूर्ण अधिकाराने, चालत असेल, तर साध्या परवानगीने चालणारा कुठलाही विंडो मॅनेजर त्याची विंडो हलवू शकत नाही. विंडोजची ती सुरक्षेची भिंत आहे. लोक सॉफ्टवेअर बिघडलंय म्हणून काढून टाकतात, बिघाड नसतो.

शेवटचं, पैशांचं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार (सपोर्ट) होता, तो १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आज ना उद्या तू ११ वाला लॅपटॉप घेशीलच. ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोच्या जागा लक्षात ठेवायचा पर्याय आधीपासून आहे. म्हणजे आज ३१०० रुपये दिलेस तर ते वर्ष-दीड वर्षाच्या सोयीचे आहेत असं धर. एका दिवसाची कमाई दीड वर्षात वाटली तर महाग नाही. पण ‘कायमचं घेतलं’ असं मनात ठेवून देऊ नकोस.

मुलुंडकर_आयटी

अप्पांना दुजोरा. आणखी एक: कार्डाने पैसे जात नसतील तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवीन कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार आपण चालू केल्याशिवाय होत नाहीत. बँकेच्या ॲपमधून चालू करा, काम झालं की परत बंद करा. वार्षिक वर्गणीचं सॉफ्टवेअर घेतलंत तर पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना येते, ती वाचत जा. माझ्या बहिणीने न वाचल्यामुळे ती वापरत नसलेल्या सॉफ्टवेअरचं दुसरं वर्षही भरलं गेलं.

निशिगंध_सांगली

सतरा दिवसांनी लिहितेय. मध्ये दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा होती.

मुलुंडकर, बरोबर ओळखलंत, मिनी डिस्प्लेपोर्टच होता. लॅपटॉपला एचडीएमआय आहे हे मला ठाऊकच नव्हतं, ते भोक धुळीने भरलं होतं. विश्रामबागच्या दुकानातून केबल आणली, २२० रुपये. बटण बंद करून बघितलं, विंडो जागच्या हलल्या नाहीत. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच. मी खरंच आनंदाने ओरडले.

पण तिसऱ्या दिवशी लाइट गेली ती दोन तास. मध्ये लॅपटॉप झोपला, आणि उठवला तेव्हा सगळं परत एका पडद्यावर. मग अप्पांचं पर्सिस्टंटविंडोज टाकलं. तेव्हापासून लाइट नऊ वेळा गेलीय, वहीत तारखा लिहिल्यात. आठ वेळा चारही विंडो दोन-तीन सेकंदांत आपापल्या जागी गेल्या. एकदा एक्सेल चुकून मॉनिटरवर गेलं, तेव्हा मेनूतून डिस्कवरची मांडणी परत आणली. सकाळी वर्कस्पेसेसने सगळं उघडते. फॅन्सीझोन्समध्ये मॉनिटरचे दोन भाग केले, पीडीएफला ४५ टक्के आणि वर्डला ५५, कारण मराठी ओळ इंग्रजीपेक्षा लांब जाते आणि अर्ध्या पडद्यात वर्डला सारखं आडवं सरकावं लागायचं. हे मला आधी कधी सुचलंच नव्हतं.

विकतचं आता घेत नाहीये. ठरवलेले ३१०० रुपये नव्या लॅपटॉपच्या डब्यात टाकले.

अप्पा, एक राहिलं. माझा पीडीएफ वाचायचा प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच उघडतो, विकणाऱ्याने आधीच तसं करून दिलेलं दिसतं. तरी तो जागेवर जातोय. पर्सिस्टंटविंडोजही मी नकळत तसंच चालवतेय का, ते कुठे बघायचं?

अप्पा_कोथरूड

टास्क मॅनेजर उघड, डिटेल्सच्या यादीत वरच्या पट्टीवर उजवं क्लिक करून ‘एलिव्हेटेड’ हा रकाना जोड. दोघांपुढे ‘येस’ असेल तर तसंच आहे. पण पीडीएफ वाचायला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या फाइली तशा परवानगीने उघडणं धोक्याचं आहे. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटी या भागात ती खूण असेल, ती आजच काढ.